कानांनी वाचायचा पडदा

घरातले कपडे धुण्याचे यंत्र बंद पडले, बँकेने खात्यातून भलतेच पैसे कापले किंवा विजेचे बिल अकस्मात दुप्पट आले, की आपण एक लांबलचक क्रमांक लावतो, थोडा वेळ संगीत ऐकतो आणि मग पलीकडून कोणीतरी आपले नावगाव विचारू लागते. त्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. तो मुंबईत बसला आहे, बंगळूरला आहे की आपल्याच गल्लीत आहे, हेही ठाऊक नसते. बोलता बोलता तो काही टाइप करीत आहे आणि समोरच्या पडद्यावरून काही वाचून सांगत आहे, एवढे मात्र कळांच्या टकटकीवरून समजते. आता असे समजा, की तो पडदा त्यालाही दिसत नाही. तर मग तो आपली तक्रार कशी नोंदवतो?

माझी एक भाची हीच नोकरी करते. ती जन्मापासून अंध आहे. सांगलीला आपल्या घरातल्या मागच्या खोलीत बसून ती एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते आणि सोडवते. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्याशी बोलणाऱ्यांपैकी कोणालाही ती अंध असल्याचे कळत नाही, आणि कळण्याचे प्रयोजनही नाही. हे काम चालते कसे आणि अडते कोठे, हे मला तिच्यामुळे समजले. तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

अंध माणूस आणि टेलिफोन यांचा संबंध नवा नाही. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी सर आर्थर पिअर्सन यांनी १९१५ साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तेथे शिकवल्या जाणाऱ्या धंद्यांत टोपल्या विणणे, कोंबड्या पाळणे आणि मालिश यांच्या जोडीला टेलिफोनचा स्विचबोर्ड चालवणे हेही होते. पिअर्सन स्वतःही दृष्टी गमावलेलेच होते. आपल्याकडे १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. पुढच्या काळात बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत अंध टेलिफोन ऑपरेटर दिसू लागले. श्रोत्यांपैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना असा एखादा ऑपरेटर नक्कीच आठवेल. नुसत्या आवाजावरून तो साहेबाला ओळखी आणि शे-दोनशे क्रमांक त्याला मुखोद्गत असत.

पुढे टेलिफोन आपोआप जोडले जाऊ लागले आणि स्विचबोर्ड गेला. त्याबरोबर ती खुर्चीही गेली. तिच्या जागी जे काम आले त्यात टेलिफोन होता, पण त्याच्या शेजारी संगणकाचा पडदाही होता. आता नुसता कान पुरेना.

या पडद्याला वाचा देणाऱ्या साधनाला स्क्रीन रीडर म्हणतात, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा. हे वेगळे यंत्र नव्हे. संगणकातच घातलेला तो एक कार्यक्रम असतो. आयबीएम कंपनीतले गणितज्ञ जिम थॅचर यांनी १९८० नंतरच्या दशकात असा एक कार्यक्रम तयार केला. त्यांचे गुरू जेसी राइट हे अंध गणितज्ञ होते, आणि त्यांच्याबरोबर काम करतानाच थॅचर यांना या विषयाची गोडी लागली. त्याच सुमारास अमेरिकेत टेड हेंटर नावाचे गृहस्थ दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाला भिडत होते. ते मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेत असत. १९७८ साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेल्या कार्यक्रमाचे नाव जॉज. जॉब अॅक्सेस विथ स्पीच या शब्दांची ही आद्याक्षरे आहेत, आणि त्यांचा अर्थ वाणीच्या साहाय्याने नोकरीपर्यंत पोचणे असा होतो. मला हे नाव फार आवडते. या साधनाचा हेतू करमणुकीचा किंवा दयेचा नव्हता, पोटापाण्याचा होता, हे त्या नावातच आहे.

त्या काळचे संगणक केवळ अक्षरे दाखवीत, म्हणून ती वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. नंतर विंडोज आली. पडद्यावर चित्रे, चौकटी, लहानमोठ्या खुणा आल्या आणि माउसचा बाण त्यांवर फिरू लागला. डोळसांना ज्याने सोपे झाले त्यानेच अंध कर्मचाऱ्यांच्या हातची कामे धोक्यात आली. त्यातून बाहेर पडावयास कित्येक वर्षे लागली, आणि सापडलेली वाट आजही तीच आहे. तेव्हा ती नीट समजून घेऊ.

पुष्कळांची अशी समजूत असते, की स्क्रीन रीडर पडद्याचे छायाचित्र घेतो आणि त्यातले वाचतो. तसे नाही. जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांची कल्पना करा. नवा पोस्टमन कोणाचे तोंड ओळखत नाही. तो दारावरची पाटी वाचतो आणि पत्र टाकतो. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूलाही अशीच एक पाटी असावी लागते. तिच्यावर तीन गोष्टी हव्यात. वस्तूचे नाव काय, ती कोणत्या जातीची, म्हणजे बटण आहे की लिहावयाची चौकट आहे, आणि आत्ता तिची अवस्था काय, म्हणजे खूण केलेली आहे की नाही. ही पाटी डोळ्यांना दिसत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने ती आतल्या बाजूला लावलेली असते. स्क्रीन रीडर ती वाचतो आणि बोलतो: 'तक्रार क्रमांक, लिहिण्याची चौकट, रिकामी.'

लिहिणारा पाटी लावावयास विसरला तर काय होते? पडद्यावर कागदी विमानाचे सुरेख चित्र असते. त्यावर बाण नेऊन दाबले की मजकूर रवाना होतो, हे डोळस माणसाला सांगावे लागत नाही. स्क्रीन रीडर मात्र तेथे पोचला की एवढेच म्हणतो: 'बटन.' पुढच्यावर गेले तरी 'बटन'. त्याच्या पुढचेही 'बटन'. त्यांपैकी एक मजकूर पाठवणारे असते, एक तो पुसून टाकणारे असते, आणि गिऱ्हाईक फोनवर ताटकळत असते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. खऱ्या गिऱ्हाइकाचा फोन चालू असताना मी त्या खोलीत बसलेला भाचीला चालत नाही. 'मामा, दुसऱ्यांच्या खात्यांची माहिती असते, तुम्ही बाहेर थांबा,' असे ती स्वच्छ सांगते, आणि तिचे बरोबरच आहे. म्हणून आम्ही एक नाटक केले. कंपनीने शिकण्यासाठी दिलेली सरावाची प्रत तिने उघडली, शेजारच्या खोलीतून माझ्या मुलाने संतापलेले गिऱ्हाईक होऊन फोन केला आणि हेडफोन तिने माझ्या कानांवर चढवला.

डाव्या कानात माझा मुलगा तावातावाने सांगत होता, की तीन वेळा तक्रार करूनही माणूस आलेला नाही. उजव्या कानात कसलीशी किरकिर चालू होती. पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मी म्हटले, 'अगं, तुझे यंत्र बिघडले आहे.' ती हसली. ती किरकिर म्हणजे स्क्रीन रीडरचे बोलणे होते! आपण सामान्यतः मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. सरावलेली अंध माणसे तीनशे आणि त्याहूनही अधिक वेगाने ऐकतात. तिने वेग निम्म्यावर आणला तेव्हा कोठे मला 'गिऱ्हाइकाचे नाव', 'मागील तक्रारी, तीन' असे शब्द उमगू लागले.

दोन कानांत दोन माणसे बोलत असताना दोघांचेही समजणे ही दैवी देणगी असावी, असे मला वाटले. भाचीने ती समजूत काढून टाकली. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे सगळे सरावाचे आणि थोड्या युक्त्यांचे काम आहे. गिऱ्हाईक आपली कर्मकथा सांगत असते तेव्हा त्यातला बराचसा भाग रागाचा असतो. त्या वेळात ती जुनी नोंद ऐकून घेते. त्याने क्रमांक सांगावयास सुरुवात केली की डाव्या हाताचे बोट कंट्रोलच्या कळीवर पडते आणि यंत्र त्या क्षणी गप्प होते. क्रमांक ती मोठ्याने पुन्हा म्हणते. गिऱ्हाइकाला वाटते, मुलगी काळजीपूर्वक काम करते आहे. तेही खरेच, पण तेवढ्यात तिची बोटे तो क्रमांक टाइपही करीत असतात. मधे शांतता पडली तर माणूस अस्वस्थ होतो, म्हणून 'आपली नोंद उघडते आहे, काका,' असे ती बोलत राहते. कंपनीच्या नियमाप्रमाणे खरे तर 'सर' म्हणावयाचे असते. सोलापूरकडचा म्हातारा माणूस पलीकडून 'बाळ' म्हणू लागला, की हा नियम तिच्या हातून मोडतो.

माउसला ती हातही लावत नाही. एका चौकटीतून दुसरीत जावयास टॅबची कळ. पान मोठे असेल तर एच दाबला की पुढच्या मथळ्यावर उडी, बी दाबला की पुढच्या बटणावर, टी दाबला की पुढच्या कोष्टकावर. आपण वर्तमानपत्राच्या पानावरून नजर फिरवतो, तशी ती बोटे फिरवते. पानाला मथळेच नसले तर मात्र तिला आरंभापासून शेवटपर्यंत सगळे ऐकावे लागते. ज्या पानावर मी चार सेकंदांत पोचतो तेथे पोचावयास तिला मिनिट लागते, आणि या नोकरीत प्रत्येक फोनला सरासरी किती वेळ लागला याचा हिशेब ठेवला जातो. तिच्या गतीचे मोजमाप म्हणून जो आकडा वरिष्ठांच्या टेबलावर जातो त्यात त्या पानाच्या लेखकाचा आळसही मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढून दाखवण्याची सोय नाही.

दोन आवाज दोन कानांत वाटून देणे हेसुद्धा काही वर्षांपूर्वीपर्यंत खटपटीचे होते. लोक दोन हेडफोन अर्धे अर्धे चढवून बसत. आता स्क्रीन रीडरमध्येच ती सोय झाली आहे. एन. व्ही. डी. ए. नावाच्या कार्यक्रमात ती २०२४ साली आली. या कार्यक्रमाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. जॉजला चांगलेच पैसे पडतात. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांना हे खटकले, की डोळसांना पडदा फुकट दिसतो आणि अंधांनी मात्र तो ऐकण्यासाठी वेगळे मोल द्यावे. करन यांनी २००६ साली काम सुरू केले, टेह त्यात सामील झाले, आणि तयार झालेला कार्यक्रम त्यांनी जगाला विनामूल्य दिला. तेव्हा साधन परवडत नाही ही सबब आता कोणत्याही मालकाला सांगता येणार नाही.

कोणी विचारील, या कामासाठी घरी बसण्याची काय आवश्यकता? आवश्यकता नाही, पण लाभ मोठा आहे. उखडलेल्या पदपथांवरून, वाहनांच्या गर्दीतून पांढरी काठी घेऊन रोज दोनदा जाणे म्हणजे काय, याचा अनुभव घ्यावयाचा तर डोळ्यांवर पट्टी बांधून आपल्याच पेठेतला एक रस्ता ओलांडून पाहावा. आपल्या देशात फोनवरून ग्राहकसेवा देणाऱ्या कंपन्यांवर पूर्वी दूरसंचार खात्याचे कडक निर्बंध होते आणि कर्मचाऱ्यांना घरून काम देणे कटकटीचे होते. २०२०च्या टाळेबंदीत ते सैल करावे लागले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवे नियम येऊन घरून काम करण्याचा मार्ग पुष्कळच मोकळा झाला. सांगलीच्या मागच्या खोलीत नोकरी पोचली ती या मार्गाने.

पण घरून काम करताना एक नवीच अडचण उभी राहते. गिऱ्हाइकांची माहिती घरच्या संगणकात उतरू नये म्हणून कंपन्या अशी व्यवस्था करतात, की खरा संगणक दूर कंपनीत चालतो आणि कर्मचाऱ्याला घरी त्याच्या पडद्याचे केवळ चित्र दिसते. डोळसाला यात फरक जाणवत नाही. घरचा स्क्रीन रीडर मात्र येथे मुका होतो, कारण दारे तिकडे राहिली, पाट्या तिकडे राहिल्या, आणि इकडे आले ते वाड्याचे छायाचित्र. यावर उपाय आहे. दूरच्या संगणकातही स्क्रीन रीडर बसवावा लागतो आणि त्याचे बोलणे इकडे आणण्याची वाट ठेवावी लागते. त्यासाठी कंपनीच्या संगणक विभागाने परवानगी द्यावी लागते. हा विभाग सुरक्षिततेच्या नावाखाली बाहेरचा कोणताही कार्यक्रम बसवू देत नाही. भाचीने पहिल्या ठिकाणी नोकरी सोडली ती याच कारणाने. मुलाखतीत ती पहिली आली होती, बोलण्याच्या परीक्षेतही उत्तम ठरली होती. परवानगीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दोन महिने हिंडत राहिला, आणि शेवटी तिला नम्र भाषेत कळवण्यात आले की हे काम आपल्याला जमण्यासारखे दिसत नाही. तिने ते काम एक दिवसही करून पाहिलेले नव्हते!

मराठीची एक वेगळी अडचण आहे आणि ती आपणच निर्माण केलेली आहे. कित्येक कचेऱ्यांत अजूनही जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी टाइप केले जाते. डोळ्यांना ते मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला साठवलेला असतो. स्क्रीन रीडर पोटातले वाचतो. त्यामुळे 'महाराष्ट्र शासन' ऐकावयाचे तेथे निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ ऐकू येते. तेच युनिकोडमध्ये टाइप केले तर तो मराठी वाचतो. उच्चार थोडा परकीय वाटतो, 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार त्याला नेहमी साधत नाहीत, पण कळते. नावेगावे रोमन लिपीत नोंदवलेली असली की मात्र मौज होते. भाचीने एकदा 'काळे' आडनावाच्या गृहस्थांना 'केल' म्हणून हाक मारली होती.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. १९९५च्या कायद्याची जागा २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली आणि २०१७च्या एप्रिलमध्ये तो अमलात आला. वाजवी सोय करून देण्यास नकार देणे हाही भेदभावच, असे त्याच्या व्याख्येत आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावयाचे आहे. राखीव जागा मात्र सरकारी नोकऱ्यांपुरत्याच आहेत. २०२५च्या ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की संगणकीय सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण बँकेत आणि अन्यत्र ओळख पटवण्याच्या पद्धतीविषयी होते. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगते, आणि ज्याला ते शक्य नाही त्याचे काम तेथेच थांबते. २०११च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती.

यावर एक शंका रास्तपणे निघेल. फोनवर उत्तरे देण्याचे काम आता यंत्रेच करू लागली आहेत. तेव्हा स्विचबोर्डाची गत याही खुर्चीची होणार नाही का? थोडीफार होत आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. शिल्लक किती आहे, माणूस कधी येईल, असले साधे प्रश्न यंत्राकडे गेले. माणसाकडे उरतात ती गुंतागुंतीची प्रकरणे. त्यांत पाच पाच पाने उघडावी लागतात, जुना पत्रव्यवहार चाळावा लागतो आणि चिडलेल्या माणसाला शांत करावे लागते. शांत करण्यात भाचीचा हात कोणी धरणार नाही. प्रश्न त्या पाच पानांचा आहे. काम जितके अवघड होत जाईल तितकी पाने वाढतील, आणि त्यांतले एक जरी बिनपाटीचे निघाले तरी सगळे प्रकरण तेथे अडेल.

आपल्यापैकी कोणाचे दुकान असेल, कारखाना असेल, कोणाचा मुलगा पुण्यात कार्यक्रम लिहिण्याची नोकरी करीत असेल. त्यांना एक परीक्षा सांगून ठेवतो. तिला पैसे लागत नाहीत. माउस टेबलाच्या खणात टाका आणि केवळ टॅबच्या आणि एंटरच्या कळीने आपल्याच कार्यक्रमात एक तक्रार नोंदवून पाहा. मग एन. व्ही. डी. ए. उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि तेच पुन्हा करा. पहिल्या खेपेस वैताग येईल. तो स्क्रीन रीडरचा सराव नसल्यामुळे किती आणि पाट्या नसल्यामुळे किती, हे एखाद्या सरावलेल्या अंध माणसाला शेजारी बसवून विचारा, आणि त्याला त्या वेळेचे पैसे द्या. नाव नसलेल्या बटणाला नाव देणे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याचे बहुधा काही मिनिटांचे काम असते. मराठी पाने करणाऱ्यांनी ते नाव मराठीतच द्यावे.

भाचीच्या आताच्या कंपनीने हे केले. तिने सांगितलेली सर्व बटणे चार आठवड्यांत बोलू लागली. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी कार्यक्रमाची नवी आवृत्ती आली आणि 'पाठवा'चे बटण पुन्हा नुसते 'बटन' झाले. तिने वरिष्ठांना कळवले. मी विचारले, 'मग त्या दिवशी काय केलेस?' ती म्हणाली, 'मोजले, मामा. मजकुराच्या चौकटीपासून सात टॅब. आठवे पुसण्याचे आहे.' दुरुस्ती गुरुवारी आली. तोपर्यंत चार दिवस ती प्रत्येक फोनला सात मोजत होती.